घरच्या ॲनालॉग रेकॉर्डिंगसाठी स्पूल टेप घेताना: आधी काय तपासायचं, काय घ्यायचं, काय सोडायचं

स्पूल मशीन घरी आलं की आठवड्याभरात टेप मागवली जाते, आणि बरेचसे पैसे तिथेच बुडतात. कुणाचं मशीन अर्ध्या इंचाचं असतं आणि तो पाव इंची टेप घेऊन बसतो. कुणी साडेदहा इंची धातूची रिळं मागवतो आणि ती मशीनवर बसवायला अडॅप्टरच नसतात. कुणी १९८० च्या सुमाराची सीलबंद अँपेक्स ४५६ चढ्या भावाने आणतो आणि पहिल्याच फेरीत हेडवर, म्हणजे आवाज भरणाऱ्या-वाचणाऱ्या भागावर, तपकिरी चिखल साचतो. तिघांनीही टेप आधी ठरवली आणि मशीनकडे नंतर पाहिलं.

खालचा क्रम उलटा करू नका. कोणती टेप घ्यायची हे तुमचं मशीन ठरवतं; आवडीनिवडीचा प्रश्न फार पुढे येतो.

१. मशीनची माहिती कागदावर उतरवा

सहा गोष्टी लिहायच्या: टेपची रुंदी, जास्तीत जास्त केवढं रीळ बसतं, रीळ कशावर बसतं, वेग कोणते (सेकंदाला किती इंच टेप सरकते), ट्रॅक किती (टेपच्या रुंदीवर आवाजाच्या किती समांतर पट्ट्या बसतात), आणि मॅन्युअलमध्ये कोणती टेप सुचवली आहे. मॅन्युअल हरवलं असेल तर मॉडेलचं नाव टाकून शोधा; बहुतेक प्रचलित मशीनची स्कॅन केलेली मॅन्युअल मिळतात.

रुंदी. घरगुती स्टीरिओ मशीन बहुतेक सगळी पाव इंचाची. मल्टिट्रॅकमध्ये (वेगवेगळे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर भरणाऱ्या मशीनमध्ये) मात्र नुसत्या ट्रॅकच्या संख्येवरून अंदाज बांधू नका. टास्कॅम ३८ आणि टास्कॅम ३८८ दोन्ही आठ ट्रॅकची. पहिल्याला अर्धा इंच लागते, दुसऱ्याला पाव इंच. फॉस्टेक्स आर८ सुद्धा पाव इंचावरच आठ ट्रॅक टाकतं.

रिळाचा आकार. पाच, सात आणि साडेदहा इंच हे नेहमीचे. सात इंची मशीनवर साडेदहाचं रीळ बसत नाही, पण साडेदहाच्या मशीनवर सात इंची चालतं. त्या वेळी रिळाच्या आकाराचं किंवा ताणाचं बटण लहान रिळावर ठेवायचं. दोन्ही बाजूंची रिळं एकाच आकाराची हवीत. एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला साडेदहा लावलं की ताण बिघडतो.

मधलं भोक. सात इंची प्लास्टिकच्या रिळाच्या मधे तीन खाचा असतात, ते थेट स्पिंडलवर बसतं. साडेदहाच्या धातूच्या रिळाचं भोक मोठं, सुमारे तीन इंचाचं असतं. त्याला नॅब म्हणतात आणि ते बसवायला नॅब अडॅप्टरची जोडी लागते. मशीन विकणारा अडॅप्टर देत नसेल तर त्यांची किंमत मशीनच्या किमतीत धरा, कारण सुटी चांगली जोडी स्वस्तात मिळत नाही.

ट्रॅक. क्वार्टर-ट्रॅक स्टीरिओ मशीन टेप उलटवून दोन्ही दिशांनी रेकॉर्ड करतं. हाफ-ट्रॅक स्टीरिओ आणि चार किंवा आठ ट्रॅकची मल्टिट्रॅक मशीन एकाच दिशेने. वेळेचा हिशेब यावर अवलंबून आहे, तो तिसऱ्या पायरीत येईल.

तपासा: सहाच्या सहा रकाने भरले का? एकही रिकामा असेल तर ऑर्डर थांबवा.

२. वेग खरा आहे का ते पाहा

ही पायरी भारतातल्या वाचकांनी अजिबात गाळू नये. अमेरिकेतल्या भावाने किंवा मावशीने पाठवलेलं मशीन १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं असतं. आपण स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावतो, मशीन चालू होतं, आणि आपल्याला वाटतं काम झालं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी बदलत नाही. मशीनची कॅपस्टन मोटर (टेप ओढणारा दांडा फिरवणारी) एसी सिंक्रोनस जातीची, म्हणजे विजेच्या फ्रीक्वेन्सीवर वेग ठरणारी, असेल तर ती ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्शाने हळू फिरते. साडेसात इंचाचा वेग सव्वासहावर येतो. इतरत्र बरोबर वेगाने भरलेली काळी एकची टेप अशा मशीनवर खालच्या काळी पाचमध्ये ऐकू येईल.

आपलंच रेकॉर्डिंग आपल्याच मशीनवर वाजवलं तर हा दोष कळत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे लपून राहतो. मोजायचा असेल तर जुन्या टेपवर साडेसदतीस फुटांच्या अंतराने दोन खुणा करा आणि साडेसात इंचाच्या वेगावर घड्याळ लावा. एका मिनिटात दुसरी खूण हेडपाशी आली पाहिजे. बहात्तर सेकंद लागत असतील तर मोटर ६० हर्ट्झची आहे. काही मशीनमध्ये ५०/६० चा स्विच असतो, काहींमध्ये कॅपस्टनची पुली किंवा बुश बदलावी लागते. डीसी सर्व्हो मोटर (स्वतःचा वेग स्वतः सांभाळणारी) असलेल्या मशीनला हा त्रास नाही.

हे टेप घेण्याआधी का? कारण बायस (रेकॉर्ड करताना आवाजात मिसळला जाणारा, कानाला न ऐकू येणारा उंच सूर) आणि इक्वलायझेशन (उंच आणि खालच्या स्वरांचा तोल) एका ठरावीक वेगाला धरून जुळवतात. वेग चुकीचा असताना केलेली जुळवणी पुन्हा करावी लागते.

३. लांबी आणि जाडी एकत्र ठरवा

एकाच आकाराच्या रिळावर पातळ टेप जास्त लांब बसते. पाव इंची टेपचे नेहमीचे आकडे असे:

स्टँडर्ड प्ले, म्हणजे दीड मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि हा आकडा फक्त पायाच्या प्लास्टिकचा), थरांसकट एकूण जाडी सुमारे ५० मायक्रॉन: सात इंची रिळावर १२०० फूट, साडेदहावर २५०० फूट.
लाँग प्ले, म्हणजे एक मिल, एकूण सुमारे ३५ मायक्रॉन: सात इंचीवर १८०० फूट, साडेदहावर साधारण ३६०० फूट.
डबल प्ले, सुमारे २६ मायक्रॉन: सात इंचीवर २४०० फूट.
ट्रिपल प्ले, सुमारे १८ मायक्रॉन: सात इंचीवर ३६०० फूट.

वेळ काढायचं सूत्र सोपं आहे. वेगाला पाचाने गुणा आणि फुटांना त्या आकड्याने भागा, उत्तर मिनिटांत येतं. १२०० फूट साडेसातच्या वेगावर ३२ मिनिटं. १८०० फूट त्याच वेगावर ४८ मिनिटं. २५०० फूट पंधराच्या वेगावर ३३ मिनिटं आणि वर काही सेकंद. ३६०० फूट पंधरावर ४८ मिनिटं. ही एका दिशेची वेळ. क्वार्टर-ट्रॅकवर टेप उलटवून तेवढीच पुन्हा मिळते.

आता तुम्ही काय भरणार आहात ते डोळ्यासमोर आणा. अभंग, भावगीत, बँडची गाणी असतील तर ३३ मिनिटं भरपूर झाली. पण घरी बसून विलंबित ख्याल भरायचा असेल तर पंधराच्या वेगावर दीड मिलची टेप ऐन द्रुतमध्ये संपेल. तिथे दोन मार्ग आहेत: लाँग प्ले टेप घ्या, किंवा साडेसातच्या वेगावर या आणि २५०० फुटांत ६६ मिनिटं मिळवा. मी दुसरा मार्ग निवडेन. साडेसातवर टेपची खरखर थोडी वाढते, पण दीड मिलची टेप मजबूत राहते आणि प्रिंट-थ्रू कमी होतो. प्रिंट-थ्रू म्हणजे गुंडाळलेल्या टेपच्या एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर पुसटसा उमटणं. शांततेतून षड्ज लागण्याआधीच त्याची सावली ऐकू येते. टेप जितकी पातळ तितका हा त्रास जास्त.

डबल आणि ट्रिपल प्ले नव्या रेकॉर्डिंगसाठी घेऊच नका. ती ताणली जाते, कडा दुमडतात, आणि साडेदहाच्या मशीनच्या दणकट मोटरींसमोर तिचा टिकाव लागत नाही.

सावधान: "जाड ते चांगलं" हा नियम सरसकट लावू नका. टास्कॅम ३८८ आणि फॉस्टेक्स आर८ ही सात इंची मशीन एक मिलच्या टेपसाठी बनवलेली आहेत. पाव इंचावर आठ ट्रॅक म्हणजे प्रत्येक ट्रॅक अगदी अरुंद, त्यामुळे टेप हेडला नीट लपेटून राहणं गरजेचं. ताठ टेप लावली की वरची पट्टी उडते आणि ट्रान्सपोर्टवर, म्हणजे टेप चालवणाऱ्या यंत्रणेवर, ताण येतो.

४. नवी टेप: यादी छोटी आहे

पाव इंची नवी टेप घ्यायची तर मुख्यतः दोन नावं लक्षात ठेवायची. एक रेकॉर्डिंग द मास्टर्स, कारखाना फ्रान्सच्या नॉर्मंडीत अव्रांश इथे. त्यांचे फॉर्म्युले बीएएसएफ आणि आगफा यांच्या वारशातून आलेले; खाली येणाऱ्या एलपीआर आणि एसएम नावांच्या टेप त्यांच्याच. दुसरं एटीआर मॅग्नेटिक्स, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क इथलं.

कोणती निवडायची हे बायसवर ठरतं. टेपवर +३, +६, +९ असे आकडे लिहिलेले किंवा सांगितलेले दिसतील. जुन्या १८५ नॅनोवेबर प्रति मीटर (टेपवरच्या चुंबकत्वाचं माप) या पातळीच्या वर किती डेसिबलवर ती टेप वापरायची, एवढाच त्यांचा अर्थ. +९ ची टेप लावली म्हणून तुमचं रेकॉर्डिंग आपोआप भारी होत नाही. मशीन त्या टेपसाठी जुळवलं नसेल तर उलट विकृती वाढते आणि वरचे स्वर कर्कश होतात.

१९७० च्या दशकातलं घरगुती मशीन, म्हणजे अकाई, सोनी, टीॲक वगैरे: एलपीआर३५ पासून सुरुवात करा. ही लाँग प्ले टेप आहे, बायस कमी मागते, आणि त्या काळच्या घरगुती टेपच्या जवळ जाते. सात इंची रिळावर १८०० फूट मिळते.

रेव्हॉक्स बी७७ चं पंधरा इंची वेगाचं मॉडेल, ओटारी एमएक्स-५०५०, टास्कॅम ३४ यांसारखी निमव्यावसायिक मशीन: एसएम९११. ही दीड मिलची, +६ जातीची, जुन्या अँपेक्स ४५६ च्या बरोबरीची. माहितगार तंत्रज्ञ एका बैठकीत तिच्यासाठी मशीन जुळवून देतो.

एसएम९०० आणि एटीआरची मास्टर टेप या +९ वर्गातल्या. आवाज दणदणीत पेलतात, पण बायस भरपूर मागतात. अनेक घरगुती मशीनचा बायस पूर्ण वर नेला तरी तिथवर पोचत नाही. तंत्रज्ञाने "हे मशीन पेलेल" असं मोजून सांगितल्याशिवाय घेऊ नका. एक मिलची टेप लागणाऱ्यांसाठी एटीआरची एमडीएस-३६ आहे.

एसएम४६८ चा प्रिंट-थ्रू कमी असतो. मधे शांतता असलेलं काम, म्हणजे वाचन, एकट्याचं गायन, तानपुऱ्यावरचा आलाप, यासाठी ती आवर्जून पाहण्यासारखी आहे.

ग्रुंडिग किंवा फिलिप्सचं जुनं व्हॉल्व्हचं मशीन असेल तर एक जास्तीची तपासणी करा. यातल्या बऱ्याच मशीनमध्ये फेल्टचे छोटे पॅड टेप हेडवर दाबून धरतात. वर सांगितलेल्या टेपच्या पाठीला काळसर खरबरीत थर असतो, बॅक कोटिंग म्हणतात तो, आणि पॅड कडक झाले असतील तर तो त्यांच्यावर घासून किंचाळतो. आधी पॅड बदलून घ्या.

तपासा: खोक्यावर "ईई" लिहिलंय का? ही १९८० च्या दशकातली खास टेप. मशीनवर ईई स्विच नसेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा.

५. जुनी टेप: काय अजिबात घ्यायचं नाही

सर्वात महागडी चूक इथे होते, म्हणून जरा थांबून वाचा.

१९७० च्या मध्यापासून १९९० च्या सुरुवातीपर्यंतच्या बऱ्याच बॅक कोटिंगच्या टेपमध्ये ऑक्साइड (आवाज साठवणारी चुंबकीय भुकटी) धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा बाइंडर हवेतला ओलावा शोषून फुटतो. टेप चिकट होते, हेडवर आणि गाइडवर तपकिरी-काळा राप बसतो, मशीन किंचाळायला लागतं आणि शेवटी अडतं. याला स्टिकी-शेड म्हणतात. मुंबई-कोकण-गोव्यात जिथे पावसाळ्यात भिंतीसुद्धा घाम गाळतात तिथे साठवलेल्या मालात हा रोग दिसला तर नवल नाही.

न घेण्याची यादी: अँपेक्स ४०६, ४०७, ४५६, ४५७. स्कॉच २२६, २२७, ८०६, ८०७, ८०८, ८०९. सोनी पीआर-१५०. आगफा पीईएम ४६८ आणि ४६९ चे काही लॉट चिकटतात, तेव्हा तीही बाजूला ठेवा. अँपेक्सचा वारसदार क्वांटेजीचा उशिराचा माल बरा निघतो असं सांगणारे भेटतील, पण खोक्यावरून वर्ष खात्रीने कळत नाही आणि तो मालही आता जुनाच झाला. मी पैसे लावणार नाही.

सीलबंद खोकं हे आमिष आहे. प्लास्टिकच्या वेष्टनाने ओलावा थांबत नाही. न उघडलेली ४५६ सुद्धा तितकीच चिकटते. विक्रेता म्हणेल, "भाजून घ्या, ठीक होते." सुमारे ५४ अंश सेल्सियसवर काही तास भाजल्याने टेप थोडे दिवस वाजण्याजोगी होते हे खरं. पण तो उपाय जुनं रेकॉर्डिंग उतरवून घेण्यासाठी आहे. काही आठवड्यांनी टेप परत चिकटते, म्हणून नवं रेकॉर्डिंग अशा टेपवर करण्यात अर्थ नाही.

ॲसिटेट ही दुसरी जात. १९५० आणि ६० च्या दशकातल्या टेप, जशी स्कॉच १११. ओळख सोपी: रीळ दिव्यासमोर धरा, थरांमधून उजेड आरपार दिसला तर ॲसिटेट, पॉलिस्टरचा गठ्ठा काळा दिसतो. ॲसिटेट चिकटत नाही पण ठिसूळ होते आणि झटक्यात तुटते. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती सडायला लागली आहे. असं रीळ बाकीच्यांबरोबर एका कपाटात ठेवू नका.

मग जुन्यात घ्यायचं काय? मॅक्सेलची यूडी आणि टीडीकेच्या पॉलिस्टर टेप वर्षानुवर्षं बऱ्या टिकलेल्या आढळतात. सरावासाठी, मशीन शिकण्यासाठी या घ्या. जपून ठेवायचं काम मात्र नव्या टेपवरच करा.

६. दुकानात किंवा बाजारात हातात रीळ घेऊन

चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात स्पूल दिसलं तर या क्रमाने तपासा.

पहिलं, खोक्यावर विश्वास ठेवू नका. मॅक्सेलच्या खोक्यात कसलीही टेप निघते. रिळावरचं नाव आणि टेपच्या पाठीवर छापलेलं असेल तर तेही वाचा.

दुसरं, वास. मेणाच्या खडूसारखा वास येत असेल तर चिकटण्याची शंका घ्या. आंबट वास म्हणजे ॲसिटेट.

तिसरं, बाहेरचे चार-पाच वेढे हाताने सावकाश उलगडा. टेप आपल्या वजनाने खाली सुटली पाहिजे. खालच्या थराला चिकटून ओढली जात असेल तर ठेवून द्या. बाहेरचे वेढे बरे आणि आतले चिकट असंही होतं, म्हणून हे पास झालं तरी खात्री नाही. नापास झालं तर मात्र निकाल पक्का.

चौथं, रीळ डोळ्याच्या रेषेत आडवं धरा. गठ्ठ्याची बाजू सपाट हवी. मधेच वर आलेले वेढे, कडेवरच्या लाटा, गठ्ठ्यात पडलेल्या फटी, बुरशीचे पांढरे ठिपके यांतलं काहीही दिसलं तर कड खराब झाली आहे. स्टीरिओत ती एका चॅनेलची टेप समजा.

पाचवं, जोड. कडेने पाहिलं की पांढऱ्या रेषा दिसतात त्या स्प्लाइसच्या. एक-दोन चालतात, जास्त असतील तर जुना गोंद सुकलेला असतो आणि जोड रेकॉर्डिंगच्या मधेच सुटतो.

सहावं, जाडी. स्क्रू गेज असेल तर टोकाचे दहा थर एकावर एक ठेवून मोजा. अर्धा मिलिमीटर आला तर स्टँडर्ड, ०.३५ च्या आसपास लाँग प्ले, पाव मिलिमीटर किंवा कमी असेल तर डबल प्ले किंवा त्याहून पातळ. लेबल फाटलेल्या रिळांसाठी याहून खात्रीचा मार्ग नाही.

सावधान: पुसण्याआधी ऐका. आपल्याकडे घरगुती मैफली, कीर्तनं, नाट्यप्रयोग, रेडिओवरून उतरवलेली गाणी लोकांनी हौसेने स्पूलवर भरून ठेवली आहेत, आणि त्यातलं पुष्कळसं दुसरीकडे कुठेच नाही. लेबल नसलेलं रीळ म्हणजे कोरं रीळ नव्हे. चांगलं वाजत असेल तर पूर्ण ऐकून आधी डिजिटल करा. चिकट असेल तर स्वतः वाजवू नका, जाणकाराकडे द्या.

कोरं करायचं ठरलंच तर बल्क इरेझर (अख्खं रीळ एकदम पुसणारं चुंबकीय उपकरण) वापरा. क्वार्टर-ट्रॅक मशीन एका फेरीत टेपची पूर्ण रुंदी पुसत नाही, जुना आवाज उरतो. इरेझर टेपपासून हातभर लांब चालू करायचा, जवळ आणून रिळावर हळूहळू गोल फिरवायचा, रीळ उलटून तेच, मग पुन्हा हातभर लांब नेऊन बंद करायचा. जवळच बंद केला तर टेपवर "धप्प, धप्प" उमटतं. हार्ड डिस्क आणि बँकेची कार्डं आधी दुसऱ्या खोलीत ठेवा.

७. पहिली ऑर्डर: एकच रीळ, आणि बाकीचं सामान

घाऊक सवलतीला भुलून दहा रिळं मागवू नका. एक मागवा. त्याबरोबर: त्याच आकाराचं रिकामं टेक-अप रीळ (वाजलेली टेप गुंडाळून घेणारं), लीडर टेप (टोकाला जोडायची, आवाज न भरणारी पट्टी), स्प्लायसिंग टेप (जोड देण्याची चिकटपट्टी), लागत असतील तर नॅब अडॅप्टर. सेलोटेपने जोड देऊ नका; त्याचा गोंद कडेने बाहेर येतो आणि शेजारचे थर चिकटवतो.

पॅनकेक म्हणजे बाजूच्या चकत्या नसलेली, नुसत्या हबवर गुंडाळलेली टेप. स्वस्त पडते. पण तुमच्याकडे तिला घालायला सुटी होणारी रिळं नसतील तर घेऊ नका, आणि हब नॅबचा आहे की युरोपातल्या छोट्या भोकाचा तेही विचारा. उभा धरला की पॅनकेक मधूनच निसटतो आणि अडीच हजार फुटांचा गुंता पायाशी पडतो.

परदेशातून मागवताना टेपची किंमत, कुरिअर आणि सीमाशुल्क तिन्ही मिळून प्रति रीळ किती पडतं ते काढा. कुरिअर कंपनी केवायसीची कागदपत्रं मागेल, ती तयार ठेवा. कुणी नातेवाईक येणार असतील तर त्यांच्या सामानातून आणणं सोपं. विमानतळावरच्या एक्स-रेने टेप पुसली जात नाही. तिला धोका चुंबकाचा, तेव्हा बॅगेत स्पीकरशेजारी ठेवू नका म्हणावं.

८. टेप आल्यावर

खोकं आल्या आल्या फोडू नका. पावसात भिजत आलेलं पार्सल एसीच्या खोलीत उघडलं किंवा उलट केलं तर टेपवर दमटपणा धरतो. एक दिवस खोलीत तसंच राहू द्या.

तोवर मशीन स्वच्छ करा. हेड, गाइड आणि कॅपस्टन ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने. रबराच्या पिंच रोलरला सौम्य साबणाचं पाणी बरं. मग मशीन बंद ठेवून डीमॅग्नेटायझर (हेडवर साचलेलं चुंबकत्व घालवणारं उपकरण) फिरवा. तोही लांब चालू करायचा आणि लांब नेऊनच बंद करायचा.

टेपच्या दोन्ही टोकांना लीडर जोडा. मग टेप एकदा पूर्ण पुढे आणि एकदा मागे गुंडाळा, शक्य असेल तर संथ गतीने. टेपची बाजू नीट लक्षात घ्या: बॅक कोटिंगच्या टेपमध्ये मंद काळी बाजू ही पाठ, तपकिरी गुळगुळीत बाजू हेडकडे. उलटी लावली तर आवाज लांबून, गोधडीतून आल्यासारखा येतो आणि लोक हेड गेलं म्हणून मशीन दुरुस्तीला पाठवतात.

तपासा: पूर्ण फेरी झाल्यावर कोरी पांढरी काडी हेडवर फिरवा. नव्या टेपची पुसट पिवळट छटा चालेल. तपकिरी थर आला तर वापर थांबवा, फोटो काढा, विक्रेत्याला लगेच कळवा.

९. त्या टेपसाठी मशीन जुळवून घ्या

क्रम महत्त्वाचा. आधी कॅलिब्रेशन टेपने (ठरावीक पातळीचे सूर भरलेल्या) प्लेबॅकची पातळी, ॲझिमथ (हेडचा टेपशी कोन) आणि इक्वलायझेशन. त्यासाठी अमेरिकेतल्या एमआरएल या प्रयोगशाळेच्या टेप वापरतात; तंत्रज्ञाकडे तुमच्या वेगाची आणि नॅब किंवा आयईसी (इथे ही इक्वलायझेशनच्या प्रमाणांची नावं, रिळाच्या भोकाची नव्हेत) यांपैकी तुमच्या इक्वलायझेशनची टेप आहे का ते विचारूनच मशीन न्या. मग तुमच्या नव्या टेपवर बायस, त्यानंतर रेकॉर्ड पातळी, शेवटी रेकॉर्डचं इक्वलायझेशन. रेकॉर्डची बाजू आधी जुळवली तर चुकीच्या प्लेबॅकशी जुळते आणि सगळं दुसऱ्यांदा करावं लागतं.

बायस स्वतः लावणार असाल तर: १० किलोहर्ट्झचा सूर मीटरच्या शून्याच्या २० डेसिबल खाली रेकॉर्ड करत राहा, प्लेबॅक मीटर पाहत बायस वाढवा. पातळी चढेल, शिखर गाठेल, उतरायला लागेल. शिखरापासून किती डेसिबल उतरवायचं ते टेपच्या डेटाशीटमध्ये वेगानुसार दिलेलं असतं. दुसऱ्या टेपचा आकडा वापरू नका. तीन हेडच्या मशीनवर (प्लेबॅकचं हेड वेगळं असल्याने) हे रेकॉर्ड करता करता दिसतं. दोन हेडच्या मशीनवर दर वेळी मागे जाऊन ऐकावं लागतं, तिथे तंत्रज्ञाला पैसे दिलेले परवडतात.

जुळवून झाल्यावर टेपच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी थोडा थोडा वेळ १ किलोहर्ट्झ भरा आणि हेडफोनवर ऐका. सूर मधेच खचत असेल तर ड्रॉपआउट आहेत. तिन्ही ठिकाणी पातळी सारखी हवी.

१०. आता साठा करा

हे रीळ पास झालं तर त्याच जातीची टेप वर्षभर पुरेल एवढी मागवा, शक्यतो एकाच लॉटची. एका गाण्याच्या कामात दोन जातींच्या टेप मिसळल्या की प्रत्येक रिळाचा रंग वेगळा येतो आणि मिक्सिंगला बसल्यावर डोकं धरायची वेळ येते.

रिळं पुस्तकांसारखी उभी, मूळ खोक्यात. रीळ प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत सिलिका जेल. रंग बदलणारी घ्या म्हणजे वाळवायची कधी ते दिसतं. खोली वीस अंशांच्या आसपास आणि आर्द्रता चाळीस टक्क्यांपर्यंत असली तर उत्तम. मुंबईच्या जुलैत ते एसीशिवाय जमणार नाही, म्हणून निदान घट्ट झाकणाचा डबा आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट, स्पीकरच्या मागची जागा, स्वयंपाकघराची माळ्याची फळी या तिन्ही जागा वर्ज्य.

भरलेली टेप शेवटचं टोक बाहेर ठेवून साठवा, म्हणजे वाजवल्यानंतर परत न गुंडाळता तशीच. प्रिंट-थ्रू यामुळे मुख्यतः आवाजाच्या मागे पडतो आणि कमी जाणवतो. खोक्यावर टेपचं नाव, लॉट, वेग, ट्रॅक, नॅब की आयईसी, संदर्भ पातळी आणि "शेवट बाहेर" एवढं पेन्सिलीने लिहा.